सात वाजताचे आप्पाराव

"आज सातच्या आत उभा राहिला पाहिजे बरं का, भागवत," पारूबाईंनी तिसऱ्यांदा बजावलं.

भागवतनं मान हलवली आणि कमरेचा पट्टा आवळला. मोबाईलच्या टॉवरांवर चढण्यात त्याची दहा वर्षं गेली होती, पण सिरसाळ्यात घरामागं उभा असलेला हा चाळीस फुटी टॉवर तो पहिल्यांदाच बघत होता. नऊ दिवसांपूर्वीच्या अवकाळी वादळात त्याला ताणून धरणारे तारेचे दोन तणावे तुटले होते. तेव्हापासून गडी रुसलेल्या जावयासारखा एका अंगाला कलून उभा होता.

माणिकराव ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पोस्टात तारमास्तर म्हणून त्यांचा जन्म गेला. तार बंद झाली, पण हात काही स्वस्थ बसेना. सरकारी परवाना होताच, वायरलेसचं यंत्र घरातच होतं. रोज संध्याकाळी सातला ते सोलापूरच्या आप्पारावांशी टकटक करत बोलायचे. आप्पारावही जुने तारमास्तर. फोनवर कधी बोलायचं नाही, असा दोघांचा तीस वर्षांचा करार.

"नऊ दिस झाले आप्पाराव न्हाई," माणिकराव म्हणाले. "भाकर गोड लागंना बघ."

दिसतच होतं ते. गळ्याचं हाड वर आलं होतं.

"काय बोलता वो काका रोज?"

"काय बोलणार? त्यो आधी विचारतो, जेवलास का, गोळी घेतलीस का. मग मी सांगतो, आज हिनं आमटी लई झकास केलती, हिचा गुडघा दुखतो, मला बघवत न्हाई. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पण हे तिला तोंडावर बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटती. आप्पारावाला आपलं बिनघोर सांगतो."

"आणि काकूंना चालतं हे?"

"तिला टकटकीचा वैताग. सात वाजले की आतल्या खोलीत दार लावून वंदनेला बसती."

तेवढ्यात पारूबाई चहा घेऊन आल्या.

"चहा."

"ठेव."

त्यांनी कप ठेवला आणि आत गेल्या. एवढंच ते नवराबायकोचं बोलणं.

भागवतनं चेनपुली लावून टॉवर इंचाइंचानं सरळ ओढला, नवे तणावे घातले. पाच वाजून गेले होते. शेवटी वरची वायर तपासायला तो टोकापर्यंत चढला आणि तिथंच थबकला.

वायर जोडलेलीच नव्हती.

वादळानं तुटली म्हणावं तर तसंही नाही. कुणीतरी पेच फिरवून ती नीट सोडवली होती, तोंडाला काळी पट्टी गुंडाळली होती आणि सुतळीनं पाइपाला बांधून ठेवली होती. पट्टी उन्हानं भुरकट झालेली. निदान दोन उन्हाळे तरी तिनं खाल्ले होते. गाठ बघून तर भागवत चक्रावलाच. ती त्याच्या उस्तादाची, पंडितची गाठ होती. शेपूट आत खोचायची सवय अख्ख्या परळीत त्याची एकट्याची.

निरोप यायचा जायचा तो याच वायरीतनं. मग दोन वर्षं काका बोलत होते कुणाशी?

पाणी प्यायच्या निमित्तानं तो खाली उतरला आणि मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेला. पारूबाईंना त्यानं दबक्या आवाजात सगळं सांगितलं. त्यांच्या हातातला तांब्या खाली आला.

"वायरीचं मला न्हाई माहीत," त्या म्हणाल्या. मग उंबऱ्यावरच बसल्या. "पण आप्पाराव न्हाईत रे. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते, तेव्हा फोन आला. डॉक्टर म्हणाले होते, धक्का बसता कामा नये. कसं सांगायचं मी?"

त्यांनी आतल्या खोलीचं दार लोटलं. बुद्धाच्या तसबिरीपुढं चौरंग होता. चौरंगाखाली फडक्यात झाकलेलं एक लहानसं यंत्र.

"आप्पारावांच्या लेकानं गुपचूप आणून दिलं. शाळेतली बाई मी, पंचेचाळीस वर्षं ती टकटक ऐकली, मला येणार न्हाई का? पण टॉवर कलला आन् माझं तोंड बंद झालं. मोडक्या टॉवरवर आप्पाराव येतील कसे?"

भागवतला आता उलगडलं. इथून माणिकरावांच्या यंत्रापर्यंत पंधरा पावलं. तेवढ्याला वायर कशाला लागते?

"त्यांना कळलं तर खचतील रे ते," पारूबाईंनी हात जोडले. "तेवढी वायर जोडून टाक. अन् एक शब्द बोलू नको."

"नाही बोलत काकू. शब्द दिला."

त्याचे डोळे भरून आले होते. शर्टाच्या बाहीनं पुसून तो बाहेर आला. साडेसहा झाले होते. त्यानं पट्टा आवळला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तोच मागून काठीचा आवाज आला. माणिकराव टॉवरपाशी येऊन उभे होते. त्यांनी एकवार स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं आणि भागवतचं मनगट धरलं.

"वायर दिसली?"

भागवतनं पायरीवरचा पाय खाली घेतला.

"जोडू नको. पंडितला सांगून मीच काढून घेतली ती."

"कावून, काका?"

"वायर असली की गावोगावचे लोक मधी येत्यात. आप्पाराव गेला, हे त्या समद्यांना ठावं हाय. कुणी भसकन बोलून गेलं, की ती परत बोलायची न्हाई माझ्याशी."

"पण तुम्हाला कळलं कसं?"

"तीस वर्षांत आप्पारावानं एकदाबी विचारलं न्हाई रे, जेवलास का म्हणून."

त्यांनी मनगट सोडलं आणि सरळ उभ्या टॉवरकडं मान वर करून बघितलं.

"हा उभा राहिला, बास झालं. जा आता, तिला सांग, वायर जोडली म्हणून."