अखंड जोडलेली डिस्क

"नवरात्रात नंदादीपासारखी डिस्कही अखंड जोडून ठेवली गं, काढवेना," सुलभाताई हळूच म्हणाल्या.

लेक कॉम्प्युटरसमोर कपाळाला हात लावून बसली होती. "आई, बाबांची नक्कल उतरली की डिस्क काढून ठेव, किती वेळा सांगितलं. जोडलेलीच राहिली, म्हणून व्हायरसनं कॉम्प्युटरमधले नि डिस्कवरचे, दोन्हीकडचे बाबा खाल्ले."

बाबा वर्षापूर्वी गेले, पण त्यांचं मन या कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलेलं होतं. कालपर्यंत ते पडद्यावरून चहातल्या साखरेवरून टोकत होते. आता तोच चेहरा परक्यासारखा बघत होता.

"अहो, मी आलेय."

"नमस्कार. माझं नाव काय, सांगाल का?"

पंचेचाळीस वर्षांत उखाण्यावाचून ते नाव सुलभाताईंनी घेतलं नव्हतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"तूच सांग गं."