मुदत संपलेलं गिफ्ट कार्ड

"मुदत संपलेलं गिफ्ट कार्ड देते मला माझी जाऊ! तेसुद्धा वास्तुशांतीला!"

एका हातात नारायणपेठ साडी घट्ट धरून शैलजाबाईंनी दुसऱ्या हाताने कार्ड काउंटरवर आपटलं.

"पैसे बुडत नाहीत, मावशी," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "पण आमच्या नियमाप्रमाणे ते ज्यांनी कार्ड विकत घेतलं, त्यांनाच परत मिळतात."

"म्हणजे त्या चेंगट बाईला?"

मुलीने कार्ड स्कॅन केलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

खरेदीदार : शैलजा खानोलकर.

गेल्या वर्षी त्यांनीच हे नणंदेला आहेर म्हणून दिलं होतं. नणंदेने ते जावेकडे सरकवलं होतं.

"नवं कार्ड देऊ?"

"नको. साडी बांधा आणि उरलेल्या पैशांचे ब्लाउजपीस द्या. ते कितीही फिरले तरी मुदत संपत नाही."