तांदळातलं नाव

"पदवी उत्पला दिघेची, पासपोर्ट ईश्वरी सबनीसचा. मग वर्क परमिट नक्की कुणाला द्यायचं?" व्हिसा केंद्रातल्या बाईंनी काचेमागून विचारलं.

"दोघीही मीच. लग्नात नाव बदललं माझं."

"मग यजमानांचं प्रतिज्ञापत्र आणा, मॅडम. दोघी एकच आहेत म्हणून."

झाली का पंचाईत! पवनचक्क्यांची पाती बनवणाऱ्या जर्मन कंपनीने उत्पलाला इंजिनिअर म्हणून मानाने बोलावलं होतं, आणि नवऱ्याचं घर तर तिने गेल्या दिवाळीतच सोडलं होतं. मनाचा हिय्या करून तिने बाहेर येऊन त्यालाच फोन लावला.

"अगं, देतो की लिहून!" त्याने साखर पेरली. "तू आधी नांदायला ये. मग कुठे जायचं ते मी ठरवतो, ईश्वरी."

तिला लग्नातलं तांदळाचं ताट आठवलं. त्यात त्याने अंगठीने नवं नाव लिहिलं होतं. नुसता तळहात फिरवला असता तरी पुसलं गेलं असतं. पण अक्षरं विस्कटू नयेत म्हणून ते ताट तिनेच दोन्ही हातांनी जपून देवापुढे नेऊन ठेवलं होतं.