रविवारची चूक

"नाही सापडली," बाई गुडघे झटकत उठल्या.

"मग आज जमीनच," काका म्हणाले. "चहा घ्या आणि घरी जा."

बाई म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाई. वीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल रेघा मारण्यात गेलेली. पहिल्याच रविवारी आपणच नापास, हे काही त्यांच्या पचनी पडेना.

काका त्या मैदानावरचे सगळ्यात जुने. विमानातून तीन हजारांवर उड्या मारलेल्या आणि मोडलेलं हाड एकही नाही. त्यांची शिकवायची रीत सरळ होती. दर रविवारी ते बाईंच्या पॅराशूटमध्ये मुद्दाम एक चूक करून ठेवत. बाईंनी ती जमिनीवरच शोधायची. सापडली तर पुढचा धडा, नाही तर घरचा रस्ता.

"ही बघा." काकांनी पिशवी बंद ठेवणारी दोरी चिमटीत धरली. तिचे चार धागे उसवले होते. "चारच धागे. पण वर गेल्यावर खोडरबर मिळत नाही, बाई."

घरी आईने जखमेवर मीठ चोळलं. "चाळिशी उलटल्यावर हे कसलं खूळ? पडायचीच हौस असेल तर आपला जिना आहे की!"

अकरा वर्षं बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाण्याच्या टाकीमागे उतरणारे रंगीत ठिपके बघत आल्या होत्या. दर रविवारी भांडी विसळता विसळता त्यांचा हात थांबायचा. आता थांबायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

दुसऱ्या रविवारी चूक अर्ध्या तासाने सापडली. राखीव पॅराशूट उघडायची मूठ झडपेखाली दडली होती. ऐन वेळी हाताला लागलीच नसती. तिसऱ्या रविवारी तर दोन मिनिटांत. पिशवीतल्या कार्डावरच्या तारखेप्रमाणे राखीव पॅराशूट उघडून, तपासून पुन्हा घडी घालायची मुदत टळून नऊ दिवस झाले होते.

"तारखा मी रोज फळ्यावर लिहिते, काका. मला काय फसवता!"

काका हसले, पण शाबासकी देताना हात आखडताच ठेवला. "डोळ्यांवर विसंबू नका. हात फिरवा. पट्टा ओढून बघा. आणि भीती वाटते ना? वाटू दे. भीती असली की माणूस नीट बघतो. आणि आपल्यापुरतं बघून भागत नाही. शेजारी जो बसलाय त्याच्याकडेही बघायचं."

सहाव्या रविवारी पहिली उडी ठरली. काका बरोबर उडी मारणार होते, हाताच्या अंतरावर.

बाईंनी पहाटेच मैदान गाठलं. दोरी, मूठ, कार्ड, मांड्यांचे पट्टे, शिरस्त्राणाची कडी. सगळ्यावर तीनदा हात फिरवला. चूक काही सापडेना. आज नापास झाल्या, तर आईसमोर कुठल्या तोंडाने जाणार?

त्या विचारायला गेल्या तर काका अंगावर पॅराशूट चढवत होते, कानाला फोन.

"काय? कधी? दोघी सुखरूप ना?" ते ओरडलेच. "अहो, नात झाली मला! नात!"

मैदानावर टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणी मिठी मारली, कोणी पाठ थोपटली. तेवढ्यात पायलटने हाक दिली, ढग यायच्या आत निघायला हवं.

"काका, आजची चूक..."

"चला बाई, चला!"

विमान वर चढू लागलं. परीक्षा संपलेली नाही, हे बाईंनी ओळखलं. म्हातारा पक्का आहे, आज पेपर वर घेऊन आलाय. त्यांनी बसल्या जागी पुन्हा सगळं चाचपलं. काहीच नाही. खाली घरं काडेपेट्यांएवढी झाली. दार उघडलं. वारा आत घुसला.

आणि मग बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चूक माझ्याच अंगावर असेल, असं कोण म्हणालं?

त्यांनी शेजारी पाहिलं. काकांच्या छातीवरचा पट्टा कडीतून ओवलेला होता, पण कडीच्या दांडीवरून वळून परत आलेला नव्हता. दिसायला अगदी ठीक. पॅराशूट उघडल्याचा झटका बसला की सुळकन सुटणारा.

"सापडली!" बाई इंजिनाच्या आवाजावर ओरडल्या आणि त्यांच्या छातीवर बोट ठेवलं. "या वेळी स्वतःवर ठेवलीत होय!"

काकांनी खाली पाहिलं. पट्टा सोडवून पुन्हा ओवला, वळवला, आवळला. मग बाईंचा हात धरून पट्ट्यावर ठेवला. बाईंनी दोनदा जोरात ओढून बघितला आणि मान डोलावली. काकांनी अंगठा वर केला.

पास!

पुढचं सगळं बाईंना तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दाराची थंड कड. पायाखाली काहीच नसणं. मग वरून एक घट्ट हिसका, आणि एकदम शांतता. खाली पाण्याची टाकी, तिच्यामागे आपल्या घराचं छप्पर. बाई हवेतच खो खो हसत सुटल्या, ते बूड गवतावर टेकेपर्यंत.

काका वीस पावलांवर उतरले होते. बाई कापड गोळा करायचं सोडून त्यांच्याकडे धावल्या.

"काय चलाख पेपर काढलात, काका! आणखी थोडा उशीर झाला असता तर? तुम्ही सांगितलं असतंत ना ऐन वेळी?"

काका गवतावर बसूनच होते. त्यांनी दोन्ही हातांनी बाईंचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

"बाई," ते म्हणाले, "आज मी चूक ठेवलीच नव्हती."