चिवड्याची सोय

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मराठी मंडळींचा रविवारचा हाइक ठरलेला, तोही कुत्रे नेलेले चालतात अशाच ट्रेलवर. सकाळी पार्किंगमध्ये सगळ्यांनाच चैत्रालीचा सुजलेला डोळा दिसला. "कपाटाचं दार लागलं," ती म्हणाली. सुमित्राकाकूंनी बर्फ लावायला सांगितलं आणि विषय थालीपिठांवर गेला.

झाडी संपून मोकळा माळ लागला, तोच चैत्रालीच्या कुत्र्याला, चिवड्याला, खार दिसली. त्याने पट्ट्याला असा हिसका दिला की पट्टा धरलेला सत्यजित, चैत्रालीचा नवरा, सगळ्यांसमोर तोंडावर आपटला. लोक हसले. सत्यजित उठला आणि त्याने हातातली काठी कुत्र्याच्या पाठीत घातली. आधी पाठ, मग तोंड. चैत्रालीला तो क्रम पाठ होता. चिवड्याच्या कानातून रक्त आलं तरी सत्यजितचा हात थांबेना. ती मध्ये पडली, तर तिच्याही मनगटावर एक बसली. शेवटी तिघांनी मिळून त्याला मागे ओढलं.

"मुक्या जनावराला मारतोस? लाज कशी वाटत नाही?" काकू कडाडल्या. कुत्रा या माणसाच्या घरी एक रात्रही ठेवायचा नाही, असं मंडळींनी तिथल्या तिथे ठरवलं. काकूंनी चिवड्याला आपल्या शालीत गुंडाळून पार्किंगपर्यंत आणलं, स्वतःच्या गाडीत घेतलं आणि खिडकीची काच खाली केली.

"तू अजिबात काळजी करू नकोस गं. आता त्याला कोणी हात लावणार नाही."



चैत्रालीने मान डोलावली, आणि जाऊन सत्यजितच्या गाडीत बसली.