फ्रिजचा पंखा

"टॉर्च जरा खाली घे. खाली म्हणजे खाली, रीमा. माझ्या डोळ्यांत नको."

रीमानं टॉर्च खाली घेतला. फ्रीझरच्या आतला, पाठीमागचा पत्रा काढला की तिथे एक लहानसं गाव लागतं, हे तिला आजवर माहीत नव्हतं. बर्फानं माखलेल्या नळ्यांच्या गल्ल्या, आणि मधोमध चौकात उभा असावा तसा एवढासा पंखा. तो फिरायचा थांबला म्हणून एवढं मोठं कपाट गरम पडलं होतं.

संग्राम हेअर ड्रायरनं बर्फ वितळवत होता. पाणी अंथरलेल्या टॉवेलवर टपटपत होतं. बाहेर अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत सकाळ झाली होती, पण रात्रीतून एवढा बर्फ पडला होता की उजेड वरून न येता जमिनीतून येतोय असं वाटावं. घरामागच्या लाकडी डेकवर त्या बर्फातच त्यांच्या फ्रीझरमधलं सामान मांडलं होतं. मटार, खोवलेला नारळ, पराठे. मेथीच्या पराठ्यांचं पाकीट एका खारीनं कुरतडून उघडलं होतं, वास घेतला होता आणि तसंच ठेवून ती निघून गेली होती.

"तिलाही तुझे फ्रोझन पराठे नको झालेत," संग्राम म्हणाला. बऱ्याच दिवसांनी तो काहीतरी खोडसाळ बोलला होता.

फ्रिज बंद पडल्यापासून घर निराळंच वाटत होतं. इतकी वर्षं स्वयंपाकघरात कुणीतरी गुणगुणत होतं आणि ते गप्प झाल्यावरच आपल्याला कळलं, असं काहीसं. "राहू दे ना," रीमा पहिल्या दिवशी म्हणाली होती, "एप्रिलपर्यंत डेकच आपला फ्रिज." एप्रिलमध्ये आपण इथे असू का, हे मात्र दोघांपैकी कुणी बोललं नव्हतं. संग्रामची नोकरी गेली होती. नवी मिळाली नाही तर व्हिसाही जाणार. एका इंटरव्ह्यूचं उत्तर यायचं होतं, ते येत नव्हतं. दाढी वाढवून सोफ्यावर पडलेला, छताकडे बघत राहणारा हा माणूस, फ्रिज बंद पडला त्या दिवशी उठून बसला. व्हिडिओ पाहिले, पार्ट शोधला, मागवला. रीमानं तेव्हा मनातल्या मनात फ्रिजला हात जोडले होते. आता तो पंखा फिरायलाच हवा होता. मटारासाठी नाही.

"काय करून राहिलाय रे इतक्या वेळचा?" ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमधून सासूबाईंनी विचारलं. नागपुरात रात्रीची जेवणं उरकली होती आणि त्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. "मेकॅनिक नाही का मिळत तिथे?"

"मिळतो. पण मीच करतोय."

"आणि ऑफिस?"

"घरूनच आहे आज."

रीमानं टॉर्च उगाचच दुसऱ्या हातात घेतला.

नवा पंखा बसला. वायर टक्कन् आवाज करून जागेवर गेली. संग्रामनं प्लग लावला, आतला दिवा पेटला आणि दोघंही उघड्या दारासमोर वाकून बघत राहिले. पंखा हलला नाही. त्यानं वायर काढली, फुंकर मारली, पुन्हा बसवली. पंखा आपला ढिम्म.

"उलटी तर नाही बसली?"

"एकाच बाजूनं बसते ती." तो ओल्या टॉवेलवर तसाच मटकन बसला. "माझ्याच्यानं आता हेही होत नाही."

फोनमध्ये शेंगा सोलायचा आवाज थांबला.

उघड्या फ्रिजमधला पिवळा उजेड संग्रामच्या वाढलेल्या दाढीवर पडला होता, आणि तो कुठल्यातरी स्टेशनवर गाडी चुकलेल्या माणसासारखा दिसत होता.

"अरे, पण दार उघडं टाकून काय बसलात दोघं?" सासूबाई कडाडल्या. "सगळी थंडी बाहेर चालली! लावा ते आधी!"

"आई, आत थंडी आहेच कुठे?" संग्राम कुरकुरला. पण दहा वर्षांच्या मुलाचा उठावा तसा त्याचा हात आपसूक उठला आणि दार लागलं.

क्षणभर काहीच नाही. मग आतून, झोपेत कुणाला जुनी चाल आठवावी तसा, एक बारीकसा सूर सुरू झाला.

संग्रामनं झटकन दार उघडलं. सूर बंद. लावलं. सूर सुरू.

"दाराला स्विच असणार," तो कुजबुजला. "दार उघडं असलं की पंखा थांबतो."

"म्हणजे आपण बघत बसलो म्हणून तो फिरत नव्हता?"

तो हसला. दोघांनी फ्रिजच्या दाराला कान लावले. पोटातलं बाळ ऐकावं तसे, डोळे मिटून, किती वेळ कोण जाणे. टॉर्च तसाच चालू होता. छतावर एक गोल चंद्र हलत होता.

"आई," गाल दाराला तसाच टेकलेला ठेवून संग्राम म्हणाला, "माझी नोकरी गेलीय."

"ते कळलंय मला. कामाच्या दिवशी कधी माझा फोन पहिल्या रिंगला उचलायचास का तू?"

फ्रिज गुणगुणत राहिला. संग्रामनं नाक पुसलं आणि आत गारवा धरतोय का ते बघायला त्याचा हात पुन्हा दाराकडे गेला.

"आता सारखं उघडून बघू नकोस," सासूबाईंनी पुढची शेंग उचलली. "वेळ लागतो त्याला."