एका पायाचा बूट

"साहेबाला पाय किती हो, मोचीबुवा?" अमेरिकन वखारीच्या फाटकावर लो शिपायानं विचारलं.

"दोनच." फंग म्हाताऱ्यानं हातातला काळा बूट पोटाशी धरला.

"मग हंगामभर उजवाच कसा फाटतो?"

"साहेब चालतो फार."

"चालतो कुठं? परक्यांना कँटनमध्ये वखारीच्या आवाराबाहेर फिरायची मुभा नाही." लो हसला आणि बाजूला झाला. "जा, शिवा."

फंगला साधा टाका घालता येत नव्हता. तो मास्तर होता. परक्यांना आपली भाषा शिकवणाऱ्याची मान उडवायची, असा चीनच्या बादशहाचा हुकूम होता. म्हणून मोच्याचं सोंग आणि हा बूट. घरी म्हातारी रोज कुरकुरायची, "एवढी शिकवायची हौस आहे, तर बदकांना शिकवा."

पण हॉलिस साहेबासारखा विद्यार्थी बदकांत कुठून मिळणार? जाड बोटांत कुंचला धरून, जीभ बाहेर काढून तो अक्षर गिरवायचा. आज त्यानं चहाच्या पेटीवरचं गावाचं नाव कुणाला न विचारता वाचलं आणि चक्क खुर्चीवर चढून नाचला. फंगचं हसून हसून पोट दुखलं.

ते हसू घेऊनच तो बाहेर आला. फाटकात लो वाट पाहत होता.

"मोचीबुवा, माझ्या घरी चला. आमच्याकडंही शिवायचंय."

"उद्या येतो की, शिपाईदादा."

"आजच."

गल्लीत लोची तलवार पावलागणिक वाजत होती. म्हातारीनं पेज चुलीवर ठेवली असेल, फंगच्या मनात आलं. तिला काय सांगतील हे लोक?

घरात शिरताच लोनं दाराला कडी घातली.

"मोच्याच्या बोटांना मेण लागतं, आजोबा," तो हळूच म्हणाला. "तुमच्या बोटांना रोज शाई असते."

फंगनं हात बाह्यांत लपवले.

"आ-यिंग, ये गं बाहेर."

आतून सहा-सात वर्षांची मुलगी आली. केसांत नवाकोरा कुंचला खोचलेला. तिनं गुडघे टेकून वाकून नमस्कार केला आणि आपल्या एका पायातला इवलासा कापडी जोडा काढून दोन्ही हातांनी पुढं धरला.

"गुरुजी, बाबा म्हणाले, तुमच्याकडं शिकायचं तर सोबत एक जोडा आणावा लागतो."